आखाड्याबाहेर टाकलेली माती

फेटा माझ्या डोक्यावर बांधला गेला नाही. वेळूच्या काठीच्या टोकाला अडकवून तो माझ्यापुढे धरण्यात आला.

काठी धरणारा मनुष्य गावचा पाटील आणि जत्रेच्या पंचांचा प्रमुख. सारे गाव त्यांना आबा म्हणत असे, म्हणून मीही येथे आबाच लिहितो. गावाचे नाव मात्र लिहीत नाही. इंदापूर तालुक्यातील नीरेकाठचे, निरवांगीच्या अलीकडचे एक गाव, एवढे पुरे. माझी तक्रार गावाविरुद्ध नाही, कृत्याविरुद्ध आहे.

जत्रेतील शेवटची कुस्ती मी नुकतीच जिंकलो होतो. डावा खांदा सांध्यातून निसटला होता आणि हात खांद्यापासून लोंबत होता. अंगावर माती, तोंडात माती. हलगी थांबली होती. आबा आखाड्याच्या कडेला उभे राहून काठी हलवीत होते, जणू झाडावरच्या माकडापुढे केळे धरले आहे.

"घे रं. बक्षीस हाय तुजं. आमी न्हाय म्हनत न्हाय."

मी म्हणालो, "बांधा की, आबा."

फड हसला. आबाही हसले.

"बांदायला डोस्कं जवळ आनावं लागतं. तुजं हाय तितंच बरं हाय."

आमच्याकडील रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवटच्या कुस्तीच्या विजेत्याला गावचा मानकरी स्वतःच्या हातांनी फेटा बांधतो. मान कापडाचा नसतो. कापड इंदापूरच्या बाजारात कोणालाही मिळते. मान त्या हातांचा असतो. गावाचे हात आपल्या कपाळाला लागतात, एवढ्यासाठी पैलवान हाडे मोडून घेतो.

मी उजवा हात पुढे केला नाही. काठी बराच वेळ तशीच राहिली. मग आबांनी ती तिरपी केली आणि फेटा मातीत पडला.

"राहू द्या तितंच. माती तर बाटलीच हाय आता."

हे घडले तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि त्यातील अठरा वर्षे कुस्ती हाच माझा धंदा होता. धंदा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. सोळाव्या वर्षी मी महारवाड्यातून निघून दक्षिणेकडील एका लहानशा संस्थानात गेलो. तेथील अधिपतीला कुस्तीचे वेड होते. त्याने माझे वजन विचारले, जात विचारली नाही. दूध, बदाम, तूप, दोन वेळचे मटण, असा खुराक मला सात वर्षे मिळाला. पुढे मी जत्राजत्रांतून, फडाफडांतून लढलो. परक्या गावांत मला माझ्या तालमीच्या नावाने ओळखत. तेथे माझ्या डोक्याला किती मानकऱ्यांचे हात लागले, ते मी मोजलेले नाही. त्यांपैकी एकालाही माझे घर कोठे आहे हे ठाऊक नव्हते. स्वतःच्या गावात मात्र मी कधी उतरलो नव्हतो. माझे घर जेथे सर्वांना ठाऊक आहे, तेथेच.

त्या वर्षी उतरलो, त्याचे कारण दवंडी.

गावची दवंडी देणे हे महारांचे काम आणि त्या साली पाळी माझ्या बापाची होती. जत्रेच्या आदल्या दिवशी तो वेशीत उभा राहून जे ओरडला ते मी स्वतः ऐकले. शब्द असे होते: "ऐका हो ऐका! शेवटच्या कुस्तीला बिरू पैलवान उभा हाय. ज्या कुनाच्या अंगात रग आसंल त्यानं यावं. गावचं आवतन हाय!"

बाप घरी आल्यावर मी विचारले, "बा, ह्या बोलन्यात कुनाला वगळलंय का?"

त्याने खांद्यावरची घोंगडी झटकली. मग म्हणाला, "म्हाराच्या तोंडनं बोलावलं म्हंजी म्हाराला बोलावलं, आसं न्हाय, लेकरा."

"शबुद तर तसा न्हाय."

"शबुद त्यांचा. तोंड आपलं. मधी पडू नगंस."

मी मध्ये पडलो. आवतण गावाचे होते, ते जाहीर होते आणि त्यात अपवाद नव्हता. कायद्याचे एकही पुस्तक मी तोवर पाहिलेले नव्हते. पण बोललेला शब्द जसा बोलला तसाच वाचायचा असतो, हे समजायला पुस्तक लागत नाही.

बिरू माळावरच्या धनगरवाड्यातला. अंगाने माझ्याहून थोर, स्वभावाने सरळ. मी लांग कसून आखाड्यात उतरलो तेव्हा हलगीचा ठेका एकदम चुकला. पंच उठून उभे राहिले. कोणीतरी ओरडले, "आरं, ह्यो कुनाचा?" दुसऱ्याने माझ्या बापाचे नाव घेतले. पण तोवर बिरूने खाली वाकून मूठभर माती उचलली होती आणि माझ्या तळहातावर ठेवली होती. मीही त्याला दिली. ही सलामी. एकदा सलामी झाली की निकाल लागल्याशिवाय कुस्ती सुटत नाही, असा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि तो मोडायला पंचही धजत नाहीत.

आबा खुर्चीवर मागे रेलले. "होऊ द्या," ते म्हणाले. "बिरूच्या हातनं मोडंल आन् गप घरी जाईल."

बिरूने मोडण्याचा प्रयत्न प्रामाणिकपणे केला. खांदा त्यानेच काढला. पण त्यानंतर तो जरा सैल पडला. त्याला वाटले, झाले. मी उजव्या हाताने ढाकेचा डाव टाकला आणि त्याची पाठ मातीला लावली. दोन्ही खांदे टेकले. चीतपट. फडातल्या प्रत्येक डोळ्याने ते पाहिले.

काठीचा प्रसंग त्यानंतरचा. तो वर सांगितला.

मग बिरूला नदीवर न्यायला माणसे आली. कोणी गोमूत्राचा तांब्या आणला. बिरू मातीतून उठत म्हणाला, "दोगांस्नी माती येकच लागलीया. मग मलाबी हितंच ठिवा की, त्येच्या शेजारी!" माणसे हसली. त्याने ते हसवण्यासाठी म्हटले होते की नाही, हे मला तेव्हा कळले नाही. पण तो नदीवर गेला. हेही मी लिहून ठेवतो. तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत ठरले की आखाड्याची माती गुडघाभर खोल काढून टाकायची. ती माती कसली होती हे सांगितले पाहिजे. आखाड्याची माती म्हणजे शेताची माती नव्हे. तांबडी माती चाळून घेतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कडुनिंबाचा पाला वर्षानुवर्षे मुरवतात. हाताला ती पिठासारखी लागते. जखमेवर लावली तर जखम चिघळत नाही. ती माती तयार होण्यात गावाच्या तीन पिढ्या गेल्या होत्या.

काढलेली माती टाकायची कोठे, यावर चावडीत सकाळभर खल झाला. नदीत टाकावी तर नदी बाटेल. शेतात टाकावी तर कोणी आपल्या शेतात घेईना. शेवटी निकाल झाला की महारवाड्याच्या कडेला गायरान आहे, तेथे ओतावी. बाटलेली माती बाटलेल्यांच्या दारात.

आणि ती खणायला बोलावले माझ्या बापाला. गावकीचे काम. बाटलेले काढायचे ते बाटवणाऱ्याच्या बापाने.

खांदा फडक्याने गळ्यात बांधून मी आखाड्याच्या बाहेर उभा होतो. बाप खोरे मारत होता. बारा गाड्या भरल्या. एकदाही त्याने माझ्याकडे पाहिले नाही. शेवटच्या गाडीच्या वेळी त्याला मातीत फेटा सापडला. तो झटकून, घडी घालून त्याने माझ्यापुढे धरला.

"घे. कापड चांगलं हाय."

त्या क्षणापर्यंत मी संतापलेलो होतो. त्या क्षणी जागा झालो. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. संतापलेल्या माणसाला आबांचे नरडे हवे असते. जागा झालेला माणूस पाहतो की बाप वाईट नाही, भित्रा नाही, तरी मुलाच्या अपमानाची घडी घालून ती मुलाच्याच हाती देतो आहे. त्याला दुसरे काही करता येते हे कोणी त्याला कधी सांगितलेच नव्हते. मी फेटा घेतला नाही. बापाला म्हणालो, "बा, खोरं खाली ठिव." त्याने ठेवले नाही. बारावी गाडी भरली.

गावातल्या हाडवैद्याने माझ्या खांद्याला हात लावला नाही. कोणता पाला बांधायचा ते अंगणातून सांगितले. तिसऱ्या दिवशी मी बारामतीकडे निघालेल्या गुळाच्या गाड्यांमागून चालू लागलो. कन्हेरीच्या अलीकडे झाडाखाली बसलो असता सायकलवरून जाणारा एक म्हातारा खाली उतरला. मिशनच्या शाळेतले याकोब मास्तर. काय झाले, असे त्यांनी विचारले. कोण, असे विचारले नाही. त्यांनी माझ्या काखेत टाच दिली, मनगट धरले आणि खांदा जागेवर बसवला. मी किंचाळलो.

"वरडा, वरडा," ते म्हणाले. "पैलवान वरडला तर कायदा मोडत न्हाय."

त्यांच्या घरी मी अकरा दिवस राहिलो. ते जन्माने मांग. धर्माची गोष्ट त्यांनी पहिले आठ दिवस काढलीच नाही. नवव्या दिवशी मीच विचारले की तुमच्या देवाने अस्पृश्याला हात लावला होता का. ते म्हणाले, "कुष्ठरोग्याला लावला. आधी हात लावला, मग बरा केला. बरा करून मग लावला आसता तर कुनीबी लावला आसता." यावर मी पुढील दोन वर्षे त्यांच्याशी वाद घातला. माझी प्रत्येक शंका मी कागदावर मांडत असे आणि ते प्रत्येकीला उत्तर लिहीत. ज्या शंकेला उत्तर नव्हते तेथे "ठाऊक नाही" असे लिहीत. मी ख्रिस्ती झालो तो त्या दोन शब्दांवरील विश्वासाने. दुधाच्या भुकटीसाठी झालो, असे सांगणारे गावात अजून आहेत. त्यांना कळवावे की खुराक मी राजाघरचा खाल्लेला आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओला, म्हातारा, जड हात. फेट्याची मला आठवण झाली. लपवण्याचे कारण नाही.

पण त्याआधी, त्या अकरा दिवसांतच, मी माझा पहिला अर्ज लिहिला होता. चौथीपर्यंतचे माझे शिक्षण आणि मास्तरांचे शुद्धलेखन. तालुक्याच्या कचेरीत दिलेल्या त्या अर्जात मागण्या दोनच होत्या. एक, जाहीर आवतणाप्रमाणे झालेल्या कुस्तीचा निकाल पंचांनी लेखी द्यावा. दुसरी, रीतीप्रमाणे विजेत्याचा फेटा पंचांनी आपल्या हातांनी बांधावा. उत्तर आले की बाब गावच्या रिवाजाची असल्याने अर्ज दफ्तरी दाखल केला आहे. मी उलट लिहिले की रिवाजाचीच बाब आहे आणि रिवाज पंचांनी मोडला आहे. त्यानंतर दर वर्षी, जत्रेच्या दिवशी, मी एक स्मरणपत्र पाठवीत गेलो. प्रत्येकाची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. खाली फेटा आहे, वर नकला. तो बापाने जपून ठेवला होता आणि मरण्याआधी माझ्या उशाशी आणून ठेवला. तेव्हा नाही म्हणवले नाही.

मिशनने मला शिकवले आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू म्हणून माझ्याच गावी नेमले. महारवाड्यातील व मांगवाड्यातील मिळून वीस-बावीस घरे ख्रिस्ती मंडळीत आली. उपासनेला जागा नव्हती. आम्ही त्या बारा गाड्या मातीवर बसू लागलो. पावसाने ती पसरली होती, पण मऊ होती. सकाळी मी तेथे तरुणांना कुस्ती शिकवीत असे आणि रविवारी प्रार्थना चालवीत असे. एका जागेचे दोन उपयोग. माझी आई मात्र बाप्तिस्मा घेईना. ती येऊन कडेला बसे आणि म्हणे, "तुजा देव बरा हाय. पर मरीआई मला नावानं वळखती. ह्या वयात नवी वळख कुठं करू?"

इकडे गावाच्या आखाड्यात नवी माती टाकली होती. ती कच्ची. पोरांचे गुडघे सोलून निघत. एका सकाळी आबांचा गडी येऊन बाहेर उभा राहिला.

"आबांनी इचारलंय, त्यातली दोन गाड्या माती माघारी देता का? आमी गोमूत्र शिंपडून घिऊ."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी लेखी उत्तर दिले. जी वस्तू मालकाने बुद्धिपुरस्सर टाकून दिली तिच्यावरील त्याचा हक्क संपतो. माती मिळणार नाही. ज्याला त्या मातीत लढायचे असेल त्याने येथे यावे, येथे कोणालाही वगळलेले नाही.

मग प्रांतसाहेब बदलले. नवे साहेब दफ्तर वाचणारे निघाले. एकाच माणसाची एकाच विषयावरची इतकी स्मरणपत्रे पाहून त्यांनी आबांकडून लेखी खुलासा मागवला. त्याच सुमारास आबा लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहणार होते. आणि आम्ही त्याच सुमारास गायरानातील त्या तुकड्यावर आमचे उपासनेचे मंदिर बांधण्याची परवानगी मागितली होती. तिच्यासाठी पाटलाची "हरकत नाही" अशी सही लागत होती.

मला चावडीत बोलावणे आले. मिशनचे गोरे साहेब आधीच येऊन बसले होते. मला खुर्ची देण्यात आली. आबा उठले, पुढे आले आणि त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"या, पाद्रीबुवा. बसा, बसा. च्या आना रं बुवांस्नी."

मी त्या हातांकडे पाहिले. तेच हात, ज्यांनी वेळूची काठी धरली होती. माझाही हात तोच, तीच हाडे, तोच बापाकडून आलेला रुंद पंजा. बदलले होते ते एवढेच, अंगावर आता पाद्रीचा कोट होता. चावडीबाहेर पायरीखाली माझा चुलतभाऊ गावकीच्या कामासाठी उभा होता. त्याला चहा नव्हता.

कागद तयार होता. मजकूर असा: अमुक सालच्या जत्रेत माझा कोणत्याही प्रकारे अपमान झाला नाही, गैरसमजुतीने अर्ज करण्यात आला होता, तो मी राजीखुशीने मागे घेत आहे. मी सही करायची. आबा गायरानाच्या कागदावर सही करणार आणि येत्या जत्रेत स्वतःच्या हातांनी मला फेटा बांधणार.

साहेब त्यांच्या मराठीत म्हणाले, "पाळकाने क्षमा केली पाहिजे. ख्रिस्ताने क्षमा केली. तुमची मंडळी उन्हात बसते आहे."

मी म्हणालो, "साहेब, क्षमा करायला मी तयार आहे. आज करतो. पण कागदात अपराधच नाही. जे घडलेच नाही त्याची क्षमा कशी करू? ह्या कागदावर सही केली तर ती क्षमा नव्हे, खोटी साक्ष होईल. तिच्याबद्दलही एक आज्ञा आहे."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

आबा हसत म्हणाले, "बुवा, शबदाला काय घिऊन बसलाय? फेटा तर बांदतूयच की."

"कोणाला बांधताय, आबा?"

"तुमालाच."

"पाद्रीला, की त्या वर्षी कुस्ती जिंकलेल्या महाराला?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझी अट सांगितली. मी जत्रेला येतो. नवा कागद करा, त्यात "अपमान झाला नाही" याऐवजी "अपमान झाला, पंच तो मान्य करतात" असे लिहा, म्हणजे तेथेच सही करतो. आणि फेट्याआधी सलामी. कोणत्याही कुस्तीआधी जी होते तीच. माती आबांनी माझ्या आईच्या हातून घ्यायची. कारण मी ज्या घरातून आखाड्यात उतरलो होतो ते घर आज तिच्या रूपाने जिवंत आहे. आणि तिला कोट नाही.

आबा म्हणाले, "बघू." साहेबांना वाटले, होकार आहे. मलाही, खरे सांगतो, अर्धे तसेच वाटले.

मंडळीत त्यावर दोन दिवस बोलणे चालले. एक म्हातारी मला स्पष्ट म्हणाली, "पाळकबाबा, तुमच्या फेट्यापायी आमच्या डोस्क्यावरचं छप्पर जायाचं." तिचे चुकत नव्हते. तिला उन्हाने घेरी येत असे. मी तिला म्हणालो की छप्पर खोट्या सहीवर उभे केले तर त्याखाली मी कोणत्या तोंडाने उपदेश करू. ती म्हणाली, "तोंड तुमचं, ऊन आमचं." आजही ते वाक्य माझ्यापाशी आहे आणि माझ्या प्रत्येक निश्चयाने त्याच्यासमोरून जावे लागते.

जत्रेच्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. तिने बारा गाड्यांच्या त्या मातीतली मूठभर पदरात बांधून घेतली होती. फड भरला होता. शेवटची कुस्ती सुटली. आबा नवा फेटा हातात घेऊन आखाड्याच्या कडेला आले. गुलाबी, जरीच्या काठाचा. साहेब खुर्चीवर बसले होते. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची माझ्यासाठी होती. मी बसलो नाही.

"चला, बुवा," आबा म्हणाले. "डोस्कं करा हिकडं."

"आधी सलामी, आबा."

आई पुढे झाली. तिने पदराची गाठ सोडली आणि माती तळहातावर घेऊन हात पुढे केला.

"घ्या की, आबा," ती म्हणाली. "तुमचीच हाय माती."

फडात कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. आबांनी आईच्या हाताकडे पाहिले. मग लोकांकडे पाहिले. त्यांचा उजवा हात फेट्यावरून किंचित उचलला गेला, हे मी पाहिले. एवढे त्यांच्या बाजूने लिहिणे माझे कर्तव्य आहे. तो हात अर्ध्यावर आला. तेथे थांबला. मग फेट्यावर परत गेला.

"म्हातारे, तिकडं ठिव खाली," ते हळू आवाजात म्हणाले. "मी घेतली आसं समज."

मी साहेबांकडे पाहिले. ते आपल्या बुटांकडे पाहत होते.

तेवढ्यात गर्दीतून एक मनुष्य लंगडत आखाड्यात आला. बिरू. गुडघा गेलेला, केस पिकलेले. तो आईपुढे वाकला, दोन्ही तळहात पुढे केले आणि तिच्या हातातली सगळी माती घेतली. कपाळाला लावली.

"म्या चीतपट झालो हुतो," तो फडाकडे वळून म्हणाला. "माजी पाठ लागली हुती. कुनाला इचारायचं आसंल त्यानं मला इचारा. मी नदीवर गेलो, ती चूक झाली."

गोष्ट येथे संपवावी असे मला अनेकांनी सुचवले आहे. मनाला बरे वाटते म्हणून. माझ्या आईला बरे वाटले. मलाही वाटले, आणि बिरूच्या त्या हातांचे मोल मी जाणतो. परंतु अर्ज बिरूविरुद्ध नव्हता. अर्ज पंचांविरुद्ध होता. एका भल्या माणसाने घेतलेली मूठभर माती ही पंचांनी दिलेला निकाल नव्हे. खुर्चीवर बसलेल्याने जे केले त्याची भरपाई उभ्या असलेल्याने करावी आणि खुर्चीने सुटावे, हीच तर आपली जुनी रीत आहे. माझ्या बापाने बारा गाड्या याच रीतीने भरल्या.

मी आबांसमोर कागद खिशातून काढला, सही न करता त्यांच्या हातातल्या फेट्यावर ठेवला आणि आईला घेऊन निघालो. मागून आबा ओरडले, "मंदिर इसरा मग!"

आई वळून म्हणाली, "आमी उन्हालाच जन्मलो, आबा."

गायरानाच्या कागदावर सही झाली नाही. मिशनच्या साहेबांनी मला पत्र लिहून कळवले की माझ्या ठायी नम्रता कमी आहे आणि मला दुसरीकडे नेमणे योग्य होईल. मी उत्तर दिले की नम्रता मी देवापुढे बाळगतो; चावडीपुढे बाळगायची ती माझ्या बापाने माझ्या वाटणीची सुद्धा बाळगून संपवली आहे. बदली करायची असल्यास कारण लेखी द्यावे. कारण लेखी देणे कोणालाच सोयीचे नसते. मी तेथेच राहिलो.

पुढील रविवारी त्या मातीवर उपासना झाली. उन्हात. ती म्हातारी डोक्यावर ओले फडके घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. माझ्यावर रागावलेली होती आणि बसली होती. त्या दिवसापासून मी एक नियम केला. आमच्या उपासनेला जो कोणी येईल त्याने आत पाऊल टाकताना मंडळीतल्या सर्वांत गरीब माणसाच्या हातून मूठभर माती घ्यावी. साहेबांनीही घ्यावी. त्यांनी पुढच्या भेटीत घेतली. हातमोजा काढून.

आबा वारून गेले. त्यांच्यासाठी मी प्रार्थना केली, आणि त्या वर्षीचे स्मरणपत्रही वेळेवर पाठवले. त्यांच्या मुलाने निरोप धाडला की आता कोणाविरुद्ध लिहिता, ज्याच्याशी भांडण तो तर गेला. मी कळवले की अर्जात आबांचे नाव नाही. अर्जात "पंच" असे आहे. पंच मरत नाहीत, खुर्ची रिकामी होत नाही आणि तिच्यावर जो बसतो त्याच्याकडे ती दोन मागण्यांसकट येते.

आता माझा डावा खांदा पावसाळ्यात उचलत नाही. लिहिण्याचा हात उजवा आहे. यंदाचे स्मरणपत्र लिहून तयार आहे. ट्रंकेतला तो फेटा मी डोक्याला लावलेला नाही, आणि स्वतःच्या हाताने बांधणारही नाही. माझ्या मृत्यूनंतर तो माझ्या प्रेताला गुंडाळू नये, असे मी मंडळीला लेखी दिले आहे. तो पुराव्याची वस्तू म्हणून ठेवावा. स्मरणपत्र कोणी कोणत्या साली पाठवायचे, त्याची पाळी मंडळीने लावून घेतली आहे. पहिली पाळी त्या म्हातारीच्या नातीची आहे.

अर्ज मागे घेतलेला नाही.

घेतला जाणार नाही.

निकाल लेखी द्यावा, आणि फेटा हातांनी बांधावा.